सख्या, रविवारी येतो म्हणाला होतास

सख्या, काल तुझ्या तेराव्याला मी पोटभर जेवलो. दुःखात घास उतरत नाही म्हणतात. पण मी काल दुःखात कमी आणि रागात जास्त होतो, आणि रागावलेल्या माणसाला भूक चांगली लागते. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वाटीभर कटाची आमटी प्यालो, भात मागून घेतला. मग वाढपी तळणाचं ताट घेऊन पंगतीत शिरला आणि पलीकडच्या टोकाला बसलेला तुझा थोरला भाऊ ओरडला, "आरं, मास्तरला फेण्या वाढा! त्यांच्या पानाला कमी पडू देऊ नका!"

पंगत हसली. तेरा दिवस ज्या घरात चूल सुद्धा दबक्या आवाजात पेटत होती, ते घर हसलं. तुझी पारू माजघराच्या दारात उभी होती, तीही पदर डोळ्याला लावून हसली. माझ्या पानात एकावर एक पाच फेण्या पडल्या. मी त्या सगळ्या खाल्ल्या. करतो काय?

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपल्याकडची रीतच आहे. काल तुझंही दूध मणाच्या खाली उतरलं नाही. सखाराम म्हणजे लाखात एक, सखाराम म्हणजे गल्लीची शोभा, सखारामसारखी गोष्ट सांगणारा जिल्ह्यात झाला नाही. हे शेवटचं खरं आहे. तुझ्यासारखी गोष्ट कोणी सांगितली नाही, आणि तुझ्या गोष्टीचा तडाखा माझ्यासारखा कोणी खाल्ला नाही. म्हणून आज हे तुला लिहितो आहे. जिवंतपणी तू मला बोलू द्यायचास कुठे? मी तोंड उघडलं की तू म्हणायचास, "थांब मास्तर, तुला न्हाय जमायचं, मी सांगतो." आता सांग बरं.

त्या दिवसाचं मी सांगतो. जसा झाला तसा.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. पृथ्वीचे चार भाग केले तर तीन भाग पाणी, असं बारा वर्षं मुलांना घोकवून घेत होतो, आणि माझ्या घरापुढच्या नळाला सकाळी तासभर पाणी येत होतं. समुद्र मी नकाशात निळ्या खडूने रंगवलेला तेवढाच पाहिलेला. तू तुझ्या भावाच्या दुकानची लुगडी घेऊन हुबळी, बेळगाव, मडगाव करायचास. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तू दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "मास्तर, चल. न बघता शिकवतोस, त्ये पाप हाय." माझ्या गंगूने दशम्या बांधून दिल्या. आपण निघालो. होटगीला गाडी बदलली. विजापूर, गदग, हुबळी करत लोंढ्याला पोचलो, तिथून घाट उतरलो आणि गोव्याच्या हद्दीवर कुळ्याला फिरंगी शिपायांनी तुझी गाठोडी उघडून एकेक लुगडं हुंगून पाहिलं. तू त्यांना सोलापुरीत शिव्या दिल्यास आणि तोंड इतकं गोड ठेवलंस की त्यांनी तुला विडी दिली.

तुझं मडगावचं गिऱ्हाईक मिंगेल. कपड्याचं दुकान मडगावात, घर समुद्रावर. व्यवहार आदल्या दिवशीच झाला होता. संध्याकाळच्या गाडीने निघायचं, तोवर दिवस मोकळा, तर माझ्याकडे या, असं तो म्हणाला. बैलगाडीने आपण सकाळीच गेलो. माडांची रांग संपली आणि समोर ते आलं. मी धोतर गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात गेलो आणि बोट बुडवून चाखलं. खारट होतं. मी बारा वर्षं मुलांना खरं सांगत होतो, ह्याचा मला केवढा आनंद झाला! मी मागे वळून तुला ओरडून सांगितलं, "सख्या, खारट आहे!" तू वाळूत बसून पोट धरून हसत होतास. त्या एका क्षणासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. हेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील मास्तरने नुसतं वाईटच लिहिलं.

मग फेणीचं झालं. सोप्यावर बसलो, तेव्हा मिंगेलने हात पुसत विचारलं, "फेणी जाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "जाय काय म्हणतो ह्यो? आत्ताच तर आलो की!"

मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यांच्याकडे जाय म्हणजे पाहिजे. मी तसं तुला सांगितलं. तुझा चेहरा उजळला. "फेण्या व्हय! आण की बाबा. आमच्यात बी करत्यात, सणावाराला. चार आण. आन् जरा कुरकुरीत तळून आण." आपल्याकडच्या फेण्या म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, वाफवून, उन्हात कडकडीत वाळवलेल्या, पापडाच्या बहिणी. तो बिचारा मिंगेल. त्याला 'तळून'चा अर्थ लागेना. आत गेला आणि काचेचे चार पेले घेऊन बाहेर आला. पांढरं पाणी आणि काजूबोंडांचा असा वास की डोळ्यांत पाणी यावं. तू पेला नाकाशी नेलास, परत खाली ठेवलास, आणि अगदी गंभीरपणे म्हणालास, "मास्तर, हेनं फेण्या पातळ केल्या की रं!"

हे तू म्हणालास. तू. फेण्या तू मागवल्यास, चार तू सांगितल्यास, कुरकुरीत तूच म्हणालास. सात वर्षं साऱ्या गावाने हे माझ्या तोंडात घातलं आहे, म्हणून पुन्हा पुन्हा लिहितो.

आपल्याला फेणी झेपणार नाही हे पाहून मिंगेलच्या आईने आतून बाटली आणली. तांबडी द्राक्षाची दारू, थेट पोर्तुगालहून आलेली. मिंगेल म्हणाला, ही पाद्री देवळात घेतात. तू म्हणालास, "म्हंजे तीर्थच की!" आणि ओंजळ पुढे केलीस. म्हातारी इतकी हसली की तिला बसावं लागलं. मीही प्यालो. खोटं कशाला बोलू? तीन लहान पेले प्यालो आणि मला ती आवडली. तुरट, मग गोडसर, आणि मग छातीत हलकेच ऊब. मग जेवण आलं. आपण दोघं मटणाची माणसं, मासा म्हणजे तळ्यातला, काट्यांनी भरलेला. त्या दिवशी इसवण माशाचे तळहाताएवढे तुकडे तव्यावरून थेट पानात पडत होते. सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, नारळातलं तांबडं कालवण होतं, जाडा तांबडा भात होता, आणि नाताळचा उरलेला गूळ-नारळाचा गोड दोदोल होता. म्हातारी "इल्लें आनीक, इल्लें आनीक" म्हणत वाढत होती आणि तू तिला "आई, पोट फुटंल की वो" म्हणत पान पुढे सरकवत होतास. असं निवांत, कसलंही ओझं नसलेलं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

दुपारी माडाखाली पडलो. वारा होता. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलास. मी समुद्राकडे बघत बसलो आणि मनात म्हटलं, गंगूला आणायला हवं. पुढच्या नाताळात तिला आणू. आपल्याला जे आवडलं ते तिला दाखवावं, एवढाच त्या दिवशीचा माझा विचार. कोणाला सांगितलं तर आज पटेल का?

चार वाजता मिंगेलने गाडी जुंपली. मी जागा झालो, माझाही डोळा लागला होता. तू मांडीवर नव्हतास. तू पाण्यात बसला होतास, कमरेइतक्या, धोतर-सदऱ्यासकट. मी हाक मारली.

"सख्या, चल. गाडी चुकेल."

"तू जा."

"चेष्टा पुरे."

"तू जा मास्तर. मी येत न्हाय."

मी पाण्यात आलो. तुझे डोळे लाल होते, पण ते दारूने नव्हते. दारू माझ्याएवढीच तुझ्या पोटात होती. तू म्हणालास, "तेराव्या वर्षी दादानं दुकानात बशिवलं. सोळाव्या वर्षी लगीन लावलं. कुणी इचारलं व्हय मला? आजचा दीस तेवढा माझा मी निवडला. जल्मात पयला. मला परत जायचं न्हाय."

मी म्हटलं, घरी पारू आहे, दोन मुली आहेत.

तू म्हणालास, "सांग बुडाला म्हणून. पारूला सांग, लाट आली आन् गेला. चार दीस रडंल. मग दादा हाय की."

सख्या, मी तुझ्या कानाखाली वाजवली. शाळेत कधी मुलावर हात उचलला नाही मी. तुझ्यावर उचलला. आणि तू ती खाल्लीस आणि माझ्या कमरेला मिठी मारून रडलास, मोठ्याने, वेडावाकडा. लाटा येत होत्या, आपण दोघे हलत होतो. सोप्यावरून मिंगेलच्या घरची माणसं हात करत होती. त्यांना वाटलं, घाटावरचे पाहुणे समुद्रस्नान करतायत. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत मी तुला धरून उभा होतो. गाडी गेली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघालो. लोंढ्याच्या फलाटावर चहा पिताना तू पहिल्यांदा बोललास. "मास्तर, कालचं हितल्या हितं."

मी म्हटलं, "माझ्या पोटात राहील."

राहिलं. तुझ्या पोटात मात्र ते एक दिवससुद्धा टिकलं नाही.

टांगा गल्लीत शिरला तेव्हा दोघी आपल्या सामायिक पायरीवर बसल्या होत्या. आपण एक दिवस उशिरा आलो होतो. पारू रडत होती. गंगू रडत नव्हती, ती रस्त्याकडे बघत होती. सगळी गल्ली दारात. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, गाडी चुकली असंच सांगणार होतो, तेवढ्यात तू टांग्यातून उडी मारलीस आणि दोन्ही हात वर केलेस. "ह्यो मास्तर येतच न्हवता की! समिंदर बघितला आन् म्हनला, मी हितंच ऱ्हातो. बायकूला सांग, बुडाला म्हणून! शेवटी कानाखाली एक दिली, तवा टांग्यात बसला!"

सगळे हसले. पारू रडता रडता हसली. आणि मीही हसलो, सख्या. तिथंच माझं चुकलं. तू भेदरला होतास, मला कळत होतं, पारूच्या डोळ्यात बघायला तुला धीर नव्हता. मला वाटलं, आजच्यापुरता माझा खांदा वापरू दे. उद्या विसरतील.

तू विसरू देशील तर ना! भोंगा झाला की गिरणीतली माणसं चहाच्या दुकानात जमायची आणि म्हणायची, सखाराम, ती गोव्याची होऊ दे. दर खेपेला गोष्टीला नवी झालर. पहिल्या महिन्यात फेण्या माझ्या झाल्या. मग म्हातारीपुढे ओंजळ मी केली. मग समुद्रात बसून अभंग मी म्हटले. एका खेपेला तर मी एका कोळिणीला आई म्हणून तिच्या पाया पडलो. पाडव्याच्या आत मी फेणी मास्तर झालो. मी वर्गात शिरायच्या आत फळ्यावर ते लिहिलेलं असायचं. शाळा तपासायला आलेल्या साहेबाने सुद्धा हसू दाबून विचारलं, "ते गोव्याचे मास्तर आपणच काय?" चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराच्या बोंबांवर टाळ्या पडताना मी तुझ्यामुळेच पाहिल्या.

नावाचं मला फारसं काही नाही. नाव काय, कोणाला ना कोणाला ठेवतातच. मला लागलं ते वेगळं.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. मी लग्नापासून रोज सकाळी छत्री घेताना 'येतो' म्हणत आलो आणि गंगू आतूनच 'हं' म्हणत आली. गोव्याहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी 'येतो' म्हटलं आणि ती पिठाच्या हाताने उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "नक्की?"

मी हसून म्हटलं, "अगं, शाळेत तर चाललोय."

ती हसली नाही. त्या दिवसापासून सात वर्षं, सख्या. बाजारला निघालो तरी, शेजारी पेपर आणायला निघालो तरी. "नक्की?" एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरंच म्हनला हुता व्हय, ऱ्हातो म्हणून?" मी म्हटलं, सख्याची चेष्टा आहे ती. ती म्हणाली, "चेष्टंत बी कायतरी आसतंच की. उगं कोन म्हनंल, बायकूला सांग बुडाला म्हणून?"

बरोबर होतं तिचं. असलं वाक्य कोणी उगाच बनवत नाही. ते खरंच कोणीतरी बोललेलं होतं. फक्त मी नव्हतो.

सांगायचं होतं रे मला. कितीदा ओठावर आलं. पण गंगू आणि पारू एका नळावर पाणी भरतात, एका जात्यावर दळतात. सकाळी गंगूला सांगितलं असतं तर दुपारी पारूला कळलं असतं, की आपला नवरा आपल्याला 'चार दीस रडंल' म्हणाला होता. दोन बायकांपैकी एकीला झुरावं लागणार होतं. मी माझीला झुरू दिलं. तुला शब्द दिला होता ना! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तळ्याच्या कट्ट्यावर एकदा तुला धरलं होतं मी, आठवतंय? म्हटलं, पुरे कर आता ती गोष्ट. तू शेंगा फोडत होतास. म्हणालास, "मास्तर, गोष्टीत एक शाना लागतो, एक खुळा लागतो. त्याबिगर गोष्ट चालंना."

"मग खुळा दर वेळी मीच का?"

तू शेंग तोंडात टाकलीस. "तू रागवत न्हाईस म्हणून."

मी उठून गेलो. महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. मग गंगूला टायफॉइड झाला आणि तू एकवीस दिवस, भर वैशाखात, स्टेशनवरून गोणपाटात गुंडाळून बर्फ आणलास. रोज. डोक्यावर. पाणी गळून तुझा सदरा भिजलेला असायचा. ती वाचली. आता असल्या माणसाशी भांडायचं कसं? तू मला ना धड शत्रू होऊ दिलंस, ना धड मित्र.

आणि ह्या उन्हाळ्यात पुण्याचा कागद आला. वर्षभराचं शिक्षण, आणि ते करून आलो की हेडमास्तर. एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली होती. मी कागद गंगूला वाचून दाखवला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि चुलीपाशी जाऊन बसली. ती भांडली नाही. जेवली मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जावा. मी कोन आडवनारी? हितं काय, तितं काय, तुमचं मन नसंल तर मी बांधून ठिवू व्हय?"

तेव्हा मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर आलो. गुरुवार होता. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, तरी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडलो. सगळं सांगितलं. उंबऱ्यातली गंगू, सात वर्षांचं 'नक्की', पुण्याचा कागद. तू हातातलं लुगडं घडी करता करता थांबलास. खरं सांगतो, तुझा तसा चेहरा मी त्या पाण्यात पाहिला होता आणि नंतर त्या गुरुवारी.

"इतकं झालं व्हय," तू म्हणालास. "मला वाटलं, समदी हसत्यात."

"सगळे हसतात, सख्या. ती हसत नाही."

तू लुगड्याची घडी पुरी केलीस. मग म्हणालास, "रविवारी येतो. वहिनीच्या हातची भाकर खातो आन् तिच्या म्होरं समदं सांगतो. त्ये मी हुतो म्हणून. पारूला कळलं तर कळू दे. लई झालं."

मी घरी आलो. गंगूला म्हटलं, रविवारी सख्या जेवायला येतोय. तिने शेंगा भाजायला घेतल्या. शनिवारी तिसऱ्या प्रहरी तू दुकानाच्या त्याच पायरीवर बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत गेलास. गंगूने कुटलेली चटणी अजून बरणीत आहे. कोणी तिला हात लावलेला नाही.

काल पंगत उठल्यावर पारूने मला माजघरात बोलावलं. गंगू तिच्या शेजारी होती. पारू म्हणाली, "भावजी, ह्यांच्या माघारी एक गोष्ट आठवती बगा. त्या गोव्याला तुमास्नी ह्यांनीच माघारी आणलं. ह्या गंगूचा संसार ह्यांनी राखला. आन् आपला सोडून गेले." आणि तिने गंगूचा हात धरला. गंगूने मान डोलावली. मी हात जोडले, सख्या. तुझ्या विधवेपुढे उभं राहून, तू माझा संसार राखलास म्हणून हात जोडले.

घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. दार लावलं, गंगूला समोर बसवलं आणि सांगितलं. तुझी मिठी, लोंढ्याचा चहा, सगळं. गुरुवारी तू काय कबूल केलंस तेही. ती ताटातले तांदूळ निवडत ऐकत होती. मी थांबलो. तिने दोन खडे बाजूला काढले.

"पारूच्या म्होरं कवा बोलू नका आसलं," ती म्हणाली. "आदीच तिच्यावर आभाळ कोसळलंय."

"तुझा विश्वास बसला ना?"

तिने ताट खाली ठेवलं. मग अगदी मायेने म्हणाली, "जाऊ द्या की. गेलेल्या मानसावर कशाला घालायचं? त्यांनी बर्फ आणला म्हणून मी हाय. आन् तुमास्नी मी कवा काय बोलले का? मी कवाच माफ केलंय तुमास्नी."

सख्या, मला माफ केलं तिने. जे मी केलं नाही, बोललो नाही, मनातही आणलं नाही, त्याची माफी मला मिळाली. मायेने मिळाली, म्हणून ती परतही करता येत नाही. तुझ्यावर रागावू नको तर काय करू? आणि इतका राग असून सकाळी भोंगा झाला तेव्हा चहाच्या दुकानाकडे मान वळलीच माझी. तिथे कोणी हात वर करून काही सांगत नव्हतं. माणसं चहा पिऊन उठून जात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ह्याचा तर मला आणखीच राग आला.

पुण्याला नकार लिहिला. पाकीट खिशात घातलं, छत्री घेतली आणि म्हटलं, "येतो."

ती उंबऱ्यापर्यंत आली. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

पोस्टाकडे जाताना तुझ्या दुकानावरून गेलो. फळ्या लावलेल्या होत्या, पायरी रिकामी होती. त्या गुरुवारी ह्याच पायरीवरून तू मला 'रविवारी येतो' म्हणालास आणि मी मान हलवून निघून आलो. सात वर्षं माझ्या दारात रोज विचारला जाणारा प्रश्न मी एकदा तुला विचारायला हवा होता. विचारला नाही. तुझ्यावर विश्वास होता.